सात दिवस पुरे

धुळ्याच्या लोकगीत संग्रहात दिपमाला संगणक सांभाळायची. खेड्यापाड्यांतल्या बायांची अहिराणी गाणी तिथे ध्वनिमुद्रित करून ठेवलेली. साठ्याचा रोज एक स्नॅपशॉट निघे, म्हणजे साठा त्या घडीला जसा असेल तसा गोठवून ठेवायचा. काही बिघडलं तर मागे जाता येतं. किती मागे, एवढंच ठरवायचं होतं.

जळगावला झालेल्या संस्थेच्या बैठकीत ती म्हणाली, “रोजचे महिनाभर ठेवू. शिवाय दर महिन्याचा एक, वर्षभर.”

संचालक योगेंद्र सरांना समारंभांच्या व्हिडिओंसाठी जागा हवी होती. “सात दिवस पुरे. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कळतेच की.”

“बिघडलंय हे कळायलाच कधी कधी महिने जातात, सर.”

“तुम्ही बोलता तरी किती अशुभ!” सर हसले, तसे बाकीचेही हसले. सात दिवसच ठरले.

उन्हाळ्यात सरांच्या सांगण्यावरून संग्रहात काम करणाऱ्या कुंदनने खरखर काढणारा प्रोग्राम सगळ्या गाण्यांवर चालवला आणि मूळ फायलींवरच सेव्ह केलं. दोन-चार गाणी ऐकली, झकास वाटली. रेकॉर्डरची कार्डं केव्हाच पुसून वापरात गेली होती.

पावसाळा सरल्यावर नरडाण्याहून हिलालभाऊ आले. त्यांची आई ताईबाई नुकतीच गेली होती. “मन्ही मायना आवाज शे ना तुमनाकडे?”

दिपमालाने कौतुकाने गाणं लावलं. जात्याची घरघर स्वच्छ ऐकू आली. म्हातारीचा बारीक, कापरा आवाज मात्र प्रोग्रामने खरखर समजून खरडून काढला होता. मध्येच एखादा शब्द उमटे नि बुडे.

“ह्यामा मन्ही माय कोठे शे, ताई?”

तिने सातही स्नॅपशॉट उघडले. सातही तसेच.

तिने बाहेर येऊन सरांना फोन लावला. “दुसऱ्या कुणा बाईचं द्या,” ते म्हणाले. “त्यांना काय कळतंय!”

फोन ठेवून ती आत गेली आणि हिलालभाऊंना खरं ते सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तेच तुटकं गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि ते संपेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या बैठकीत सरांनी स्वतःची सूचना म्हणून मांडलं, “महिन्याचे स्नॅपशॉट वर्षभर ठेवायचे.” टाळ्या पडल्या. दिपमालाने त्याच संध्याकाळी तशी नोंद केली. आता ते खरवडलेलं गाणं वर्षभर सुरक्षित राहणार होतं.