गुलाबांची निजानीज

"लव्हॉन, तुझे गुलाब अजून उभेच?" कुंपणापलीकडून मर्विननं विचारलं. "सगळं गाव निजवून मोकळं झालं. बुधवारी जमीन गोठणार म्हणतायत."

"दिसतायत मला," लव्हॉन म्हणाली आणि गवताचं यंत्र ढकलत राहिली.

वर्षातली ही शेवटची कापणी. गवत आखूड ठेवायचं. वाढलेलं राहिलं तर बर्फाखाली आडवं पडतं, कुजतं. मेपलनं अंगावरचं सगळं उतरवून टाकलं होतं. यंत्राखाली पानांचा भुगा होत होता आणि गवतात जिरत होता. कापून झाल्यावर, उन्हाळ्यात करपलेल्या जागा तिनं दाताळ्यानं खरवडल्या आणि मुठीमुठीनं बी फेकलं. हे बी आता उगवायचं नाही. हिमाखाली गप पडून राहायचं आणि पाणी सुटलं की डोळे उघडायचे. कसं निजावं हे बियाला कुणी शिकवत नाही.

तिचा नवरा हार्लन जुलैत गेला. चर्चमध्ये तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका बटाट्याचे थर लावून भाजलेले हॉटडिश घेऊन आल्या. तिनं ते खाल्ले, भांडी घासली, ज्याची त्याला परत दिली. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पोरांना वाढलं होतं. भांडं कुणाचं हे तिला बुडावरून कळायचं. "रडून घे गं, बरं वाटेल," बायका म्हणायच्या. ती वाट बघायची, रस्ता चुकलेल्या बसची बघावी तशी. बस येत नव्हती.

या घरात गवत तिचं आणि गुलाब हार्लनचे. मिनेसोटाच्या थंडीत नाजूक गुलाब उभे ठेवले तर मरतात, म्हणून त्यांना खणून, आडवं करून, मातीखाली झोपवायचं. एप्रिलमध्ये उठवायचं. हार्लन झुडपं निजवायचा तेव्हा ती आत बटाटे सोलत असायची आणि खिडकीतून बघायची.

मर्विन फावडं घेऊन फाटकातून आत आला. सत्तरी उलटलेला, कान झाकणारी टोपी, तोंड मात्र कधी झाकलेलं नाही.

"तुला येतं का हे?" तिनं विचारलं.

"मला टोमॅटो येतात. थंडी पडली की मरतात आणि मोकळं करतात. चर कुठल्या बाजूला खणू?"

"घराकडं. हार्लन सगळ्यांची डोकी घराकडं करायचा."

"सगळ्यांची?"

"खिडकीतून तसंच दिसायचं."

तिनं फांद्या सुतळीनं आवळल्या, काटे आत वळले. मर्विननं चर खणला, मुळाशी काटेफावडं घालून माती सैल केली. मग दोघांनी मिळून दाबलं आणि पहिलं झुडूप हळूच कलंडलं, जेवता जेवता पेंगलेल्या पोरासारखं. त्यावर माती. सुतळीचं टोक तेवढं वर ठेवायचं, एप्रिलमध्ये धरून उठवायला.

"हार्लन काहीतरी पुटपुटायचा बघ माती लोटताना," मर्विन म्हणाला. "मला वाटायचं, शिव्या देतोय."

"नीज गं पोरी, वाकळीखाली, हिमाची रात लांब आली," लव्हॉन म्हणाली. किराण्याचे जिन्नस सांगावेत, तशा आवाजात.

मर्विननं टोपी जरा खाली ओढली आणि पुढच्या झुडपाकडं वळला.

चौथं झुडूप चालू होतं तेव्हा लव्हॉनच्या खिशातला फोन वाजला. अॅरिझोनाहून गेल, तिची मुलगी.

"आई, इकडं राहायला येतेस का ते आज सांगते म्हणाली होतीस. तुझी खोली रंगवून झालीय. इथं अजून बिनबाह्यांचे कपडे घालतोय आम्ही."

"गेल, मी गुलाब निजवतेय."

"आता? अगं, घर विकायचं तर ते कशाला?"

"निजवले की उठवावे लागतात. एप्रिलमध्ये."

"मर्विनकाका उठवतील की."

लव्हॉननं मर्विनकडं बघितलं. तो चरात वाकून धापा टाकत होता. "मर्विनला सकाळी स्वतःला उठवणं होत नाही."

"ऐकू येतंय मला," मर्विन चरातून म्हणाला.

मग गेल म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस."

"हिवाळा इथंच काढते."

"एकटी?"

"हो."

तिनं फोन खिशात ठेवला. एवढं मोठं बोलून गेली, पण आत काही हललं नाही. हात मात्र गार पडले होते. ते तिनं काखेत धरले.

कोपऱ्यातलं झुडूप शेवटचं. फिकट नारिंगी फुलांचं, हार्लनचं सगळ्यात जुनं. दोघांनी दाबलं. ते तटून राहिलं. आणखी दाबलं आणि कट्ट आवाज झाला.

मर्विन गुडघ्यावर बसला, बोटांनी माती बाजूला केली. कलमाच्या जागी खोड वाकलेलं असतं, गुडघ्यासारखं, आणि झुडूप कलंडतं ते त्याच बाजूला. बाकीच्यांचे गुडघे घराकडं होते, याचा कुंपणाकडं. उलट्या अंगानं दाबलं होतं. खिडकीतून हा कोपरा कधी दिसलाच नव्हता. मधे मेपल यायचा.

"गेलं," मर्विन म्हणाला. "माझं चुकलं, लव्हॉन."

"मीच सांगितलं, घराकडं."

"आता गेलला परत फोन करतेस का, येते म्हणून?"

"एवढ्यासाठी? बाकीचे आहेत की."

ती मोडलेल्या खोडाकडं बघत उभी राहिली. आतला गर हिरवा होता, ओला होता. तिनं वाट बघितली. काही आलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, तेवढंच.

मग तिनं ते झुडूप उचललं, चरात ठेवलं, डोकं कुंपणाकडं करून, आणि माती लोटू लागली.

"अगं, मेलंय ते. मेलेलं कशाला पुरतेस?"

"मेलेलंच पुरतात, मर्विन."

तोही खाली वाकला. दोघांनी मिळून माती सारखी केली.

"दोरी?" त्यानं सुतळीचं बंडल पुढं केलं. फांद्यांना बांधलेलं टोक मातीखालीच राहिलं होतं.

"नको याला."

बाकीच्या झुडपांची टोकं वाऱ्यात हलत होती. लव्हॉननं मातीवर पांघरायला भरून ठेवलेलं पानांचं पहिलं पोतं सोडलं आणि आधी त्या कोपऱ्यावर रिकामं केलं.