आवक बंद, जावक चालू

'आजची आपली बचत : रुपये २१४. पुन्हा या.' हे एका बिलाच्या तळाशी.

साबुदाण्याच्या सहा पिशव्या. घरात उपास करणारं माणूस एक.

तेहतीस वर्षांत डेपोच्या स्टोअरमध्ये एक बोल्टसुद्धा कमी-जास्त भरला नाही.

"ह्या नळ्या कायच्या होय?" "फ्रीच्या."

फ्रीजचं दार लागत नाही. त्याला बाहेरून स्टूल टेकवलेलं आहे.

शेवयांची पाच पाकिटं माळ्यावरून डोक्यात पडली तर फार लागत नाही. अपमान मात्र होतो.

वाचकहो, हे सगळे तुकडे एकाच घरातले आहेत. घर किसनरावांचं, पुलगावातलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरावर माळा. किसनराव तिथल्या दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरकीपर होते. तिथल्या कोठारात काय ठेवलेलं असतं ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि आता घरच्या माळ्यावर काय ठेवलेलं आहे ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

निवृत्त माणसाचं सकाळी दहा वाजता फार अवघड होतं. कामावर जाणारे गेलेले असतात, आणि हा दोनदा वाचून झालेलं वर्तमानपत्र तिसऱ्यांदा उघडतो. म्हणून किसनरावांनी बाजार हाती घेतला. दर शनिवारी एसटीने वर्ध्याला जायचं, मोठ्या मार्टात ढकलगाडी घ्यायची, आणि जिथे पिवळी पाटी दिसेल तिथे ती थांबवायची. दोनावर एक. चारावर एक. घरी आलं की बिलाची नीट घडी घालून ते फायलीला लावायचं. फायलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव होतं : 'बचत'. शनिवार असा भरगच्च जायचा. उरलेले सहा दिवस पुढच्या शनिवारची वाट पाहण्यात बरे जायचे.

मुलगी अंकिता सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. एका शनिवारी ती ड्युटी संपवून घरी आली. तिच्यासाठी शिरा करावा म्हणून तिची आई मनकर्णाबाई यांनी गुळाच्या डब्याला हात घातला आणि वरून शेवया कोसळल्या.

"अव माय!"

"लागलं का वं?" किसनराव धावत आले.

"चार पाकिटं इकतची होती, थे नाई लागली," मनकर्णाबाई टाळू चोळत म्हणाल्या. "पाचवं फ्रीचं होतं, थे बराबर बसलं."

अंकिता हसली. ते हसणं किसनरावांना झोंबलं. ते आत गेले आणि फाईल घेऊन आले.

"हसून राह्यली काय? हे पाह्य. एका वर्षाची बेरीज. अकरा हजार तीनशे चाळीस! एवढे वाचवले तुया बापानं."

मनकर्णाबाईंनी हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"वाचलेले पैसे. मले खर्च नाई कराचे. फक्त डोये भरून पाह्याचे हाय."

 तेवढ्यात स्टूल सरकलं आणि फ्रीजचं दार आपोआप उघडलं.

"थे असे हातात नसतात वं," किसनराव म्हणाले. "कागदावर असतात."

"वाचलेलं उरते, अंकिताचे बाबा. डब्यात उरते, नाई तं बटव्यात उरते. तुमचं काई उरलं का? हे तं दुकानदारानं तुमची पाठ थोपटली. पाठ थोपटून पोट भरते?" मनकर्णाबाई आता खाली बसूनच बोलू लागल्या. "मले एक सांगा. डेपोत कोणी म्हटलं असतं, दोन तोफगोळ्यांवर एक फ्री, तं घेतला असता तुम्ही?"

किसनराव ताठ झाले. प्रश्न खात्याचा होता.

"इंडेंट असल्याबिगर स्टोअरमधी सुई येत नाई!"

"इंडेंट म्हंजे?" अंकिताला ठाऊक होतं. तिने मुद्दाम विचारलं.

"मागणीचा कागद. ज्याले पाह्यजे त्यानं मांगाचं, मंग आपण आणाचं."

"अन् घरी?" मनकर्णाबाईंनी माळ्याकडे बोट केलं. "ह्या नळ्या मी कधी मांगल्या होत्या?"

 किसनरावांनी आवाज चढवला. "घरात सामान लागतेच! हे सारं आठ दिवसांत खतम होईल, पाहून घेजो."

"महिना जाईल."

"आठ दिवस!"

"महिना. अन् गेला तं बाजाराची पिशवी माह्याकडं. तुम्ही बसा आरामात."

आरामात!  पिशवी गेली म्हणजे शनिवार गेला, आणि शनिवार गेला म्हणजे उरलं काय? वर्तमानपत्र. पण मुलीसमोर माघार कशी घेणार?

"लागली पैज," ते म्हणाले.

डेपोत साठ्याची मोजणी सुरू झाली की फाटकावर पाटी लागायची. तशीच एक पाटी त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला टांगली : 'आवक बंद, जावक चालू.' दूध आणि भाजीपाला तेवढा आत येऊ शकत होता.

"अन् रविवारचं पार्सल?" त्यांनी हळूच विचारलं. रविवारी रात्री हॉटेलातलं पनीर आणायचा त्यांचा रिवाज होता.

"पार्सल म्हंजे आवकच होय, बाबा," अंकिताने निकाल दिला.

रविवारी शिडी लागली. किसनराव वर, मनकर्णाबाई खाली, अंकिता रजिस्टर घेऊन मधे. मोहरीची चार पाकिटं. बेसन सात किलो. तूरडाळ नऊ. पास्त्याच्या नळ्यांचे आठ पुडे. लाल सॉसच्या पाच बाटल्या, त्यातल्या तीन मुदत उलटलेल्या. रव्याला जाळी धरलेली.

"साबुदाणा, सहा पिशव्या!" किसनराव वरून ओरडले. "हे एवढं कोणं आणलं?"

मनकर्णाबाईंना दूध उतू जातंय की काय असं वाटलं आणि त्या लगबगीने गॅसकडे गेल्या. गॅसवर दूध नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. फेकण्याच्या वस्तू अंगणात मांडल्या तेव्हा एक अख्खं पोतं भरलं. त्या पोत्याजवळ किसनराव बराच वेळ उभे राहिले. यातल्या प्रत्येक पुड्याला फायलीत एक बिल होतं, आणि प्रत्येक बिलावर 'बचत' लिहिलेलं होतं.

पुढचं त्यांच्याच रजिस्टरमधून.

दिवस पहिला. जावक : तूरडाळ पाव किलो, कणीक. वरणफळं. चव चांगली. शेरा : पनीरची आठवण आली.

दिवस चौथा. नळ्या एक पुडा. मनकर्णाने कांदा, शेंगदाणे घालून फोडणी दिली. अंकिता म्हणते, अशी नळ्यांची उसळ जगात कोणी खाल्ली नसेल. दोनदा वाढून घेतली.

दिवस आठवा. पैजेप्रमाणे आज सगळं संपायला हवं होतं. बेसन शिल्लक : सहा किलो.

दिवस नववा. जावक लिहिण्यासाठी स्वयंपाकघरात बसावं लागतं. रिकामं बसू देत नाहीत. कढी ढवळली. कढी एकाच दिशेने ढवळायची असते, नाहीतर फुटते. तेहतीस वर्षं कढी खाल्ली, हे माहीत नव्हतं.

दिवस बारावा. (हे पान वाचता येत नाही. बेसनाचा हात लागला आहे.)

दिवस पंधरावा. सकाळचे दहा कधी वाजले ते कळलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी पाहुणे आले. डेपोतले जुने सोबती बंडूजी आणि त्यांची बायको, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. किसनरावांचा हात सवयीने खिशाकडे गेला. त्यांनी मनकर्णाबाईंना आत बोलावलं.

"मी पार्सल घेऊन येतो. बंडूजीले काय बेसन चाराचं? लोक काय म्हणतील!"

"लोक जेवाले आले हाय, म्हणाले नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बंडूजीच्या घरी रोज हॉटेलचा सैपाक असते का? थे तुम्हाले भेटाले आले. पाहुण्याले घरचं वाढाची लाज वाटाले लागली, तं मंग घर कायले म्हणाचं? पाटी वाचा अन् चाकू घ्या. पातोड्या करू."

बेसन शिजलं, ताटात थापलं गेलं. वड्या कापायचं काम किसनरावांकडे आलं. त्यांनी लाकडी पट्टी घेतली. प्रत्येक वडी दीड इंच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

"पट्टी ठेवा बापा, बंडूजीले भूक लागली!"

"माल एका मापाचा पाह्यजे," किसनराव म्हणाले आणि शेवटची रेघ ओढली.

तर्रीदार रस्शात पातोड्या पडल्या. गरम भाकरी आली. बंडूजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्या वाटीला त्यांनी बोटं चाटत विचारलं :

"किसनभाऊ, कोणत्या हॉटेलचं पार्सल होय हे? मले बी पत्ता दे."

किसनरावांची छाती फुगली! निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार घातला तेव्हाही ती इतकी फुगली नव्हती.

"घरचं होय! वड्या म्या कापल्या!"

"तू? रांधून राह्यला?" बंडूजी हसता हसता ठसकले. त्यांच्या बायकोने मात्र हात थांबवला आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "आयकून राह्यले ना तुम्ही? उद्यापासून पट्टी तुम्ही बी घ्या."

सगळे इतके हसले की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन काय झालं म्हणून विचारून गेली. तिलाही वाटीभर रस्सा मिळाला. त्या संध्याकाळी किसनरावांनी रजिस्टर उघडलं, पण जावक लिहिण्याआधी मागच्या पानावर एक ओळ लिहिली : 'हॉटेलच्या पनीरची चव कशी होती ते आठवत नाही.'

महिना उलटला. माळ्यावरून उजेड दिसू लागला. फ्रीजचं स्टूल फ्रीजचं राहिलं नाही, त्याच्यावर बसून किसनराव लसूण सोलू लागले. एक्केचाळिसाव्या दिवशी मनकर्णाबाईंनी कणकेच्या डब्यात वाटी घातली आणि ती तळाला लागून खणखणली.

तो आवाज किसनरावांनी ऐकला. खुंटीवरची पिशवी काढली, झटकली, आणि मनकर्णाबाईंसमोर धरली.

"घे. महिना गेला, वर अकरा दिवस. म्या शब्द दिलता."

आवाज साधा ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. मनकर्णाबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे.

"मी काय करू इले? मले नाई तंगड्या तोडत बाजार हिंडाचा शौक. तुम्हीच जा." त्यांनी कनवटीची एक पाचशेची नोट काढली आणि तिच्याबरोबर एक चिठ्ठी दिली. "पण हे घेऊन जा. इंडेंट."

चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या. गहू पाच किलो. तेल एक किलो. जिरं पन्नास ग्रॅम.

"अन् चूक काई एकट्याची नसते," मनकर्णाबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "जा आता, ऊन व्हाच्या आत या."

किसनराव वर्ध्याला गेले नाहीत. पायी हिरालालच्या दुकानात गेले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या या जुन्या किराणा दुकानाची पायरी ते दोन वर्षांत चढले नव्हते.

"काकाजी, रस्ता चुकले काय आज?" हिरालालने चष्मा वर केला. चिठ्ठी वाचली, उलटी करून पाठही पाहिली. "बस, एवढंच? साबणाच्या वडीवर वडी फ्री हाय, देऊ?"

"इंडेंटमधी नाई."

"बिस्किटाच्या पुड्यावर..."

"हिरालाल, तुया गोदामात जागा नाई काय, म्हणून माह्या माळ्यावर ठेवाले पाहून राह्यला?"

हिरालाल पोट धरून हसला आणि जिरं तोलून पुडी बांधू लागला. पन्नास ग्रॅम, पुडीवर दोरा. अशी पुडी बांधलेली किसनरावांनी किती दिवसांनी पाहिली!

घरी आल्यावर त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मग खिशातून उरलेल्या नोटा आणि चिल्लर काढली आणि मनकर्णाबाईंच्या तळहातावर एकेक करून ठेवली.

"हे पाह्य. डोये भरून."

मनकर्णाबाईंनी खरंच पाहिलं, आणि मूठ मिटली. "वाचले?"

"उरले!"

'बचत' नावाच्या फायलीतली बिलं त्याच दिवशी सुटी झाली. त्यांच्या कोऱ्या पाठींवर आता चिठ्ठ्या लिहिल्या जातात. एका बिलावर एक इंडेंट. बिलं इतकी आहेत की कागद विकत आणायला लागणार नाही.

वाचकहो, आज सवड काढून तुम्हीही शिडी लावा. आपल्या माळ्यावर काय आहे ते मोजा, आणि जोवर ते संपत नाही तोवर दुकानाची पिवळी पाटी आपल्यासाठी नाही असं समजा. आधी डबा उघडावा, मग पिशवी. जे घरी मागितलंच नव्हतं ते कितीही स्वस्तात आणलं तरी महागच पडतं. आणि आपल्या हाताने रांधून वाढलेल्या ताटाची लाज वाटण्याचं कारण नाही. बंडूजींना विचारा. ते आता दर रविवारी पट्टी घेऊन बसतात.

साबुदाण्याच्या सहा पिशव्यांपैकी चार मनकर्णाबाईंनी आणल्या होत्या.