खोक्यावरची पाच बोटं

दुष्काळात विहिरी आटतात, गाईंची दुधं आटतात, पण बारशी काही आटत नाहीत. त्यामुळे तुमच्या-आमच्या घरात दर दोन महिन्यांनी पडणारा प्रश्न चौसाळ्याच्या छबुबाईलाही पडला होता. बारशाला न्यायचं काय?

तसा तो पडायला नको होता. तिच्या भावाला, रामकिसनला, दुसरी मुलगी झाली होती आणि छबुबाई तिची एकुलती एक आत्या. बाळाला पाळण्यात घालायचं, कानात नाव सांगायचं तो मान तिचा. त्यासाठी तिनं महिनाभर आधीपासून एक कुंची शिवली होती. कापड तिच्या गेलेल्या आईच्या हिरव्या लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. टोकाला नवऱ्यानं, हरिबानं, स्वतःच्या मेंढीची लोकर पिंजून केलेला पांढरा गोंडा. कुंची दृष्ट लागण्यासारखी झाली होती.

पण जायच्या दिवशी सकाळी छबुबाईचा धीर सुटला. भाऊ नेकनूरजवळच्या गावात नावाजलेला बागायतदार. भावजय शिवकन्या, गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. आणि आपण मेंढरांमागं हिंडणारी माणसं! जुन्या लुगड्याची कुंची घेऊन गेलो तर चार बायका काय म्हणतील?

तिनं ट्रंकेतून एक खोकं काढलं. तिच्या धाकट्या पोरीच्या बारशात आहेर आलेला बेबी सेट होता तो. वर असल्या सगळ्याच खोक्यांवर असतात तसे फुगे आणि ससे छापलेले, आत झालरीचा गुलाबी फ्रॉक, मोजे आणि बॅटरीवर वाजणारा खुळखुळा. कुणी दिला होता ते गर्दीत लक्षात राहिलं नव्हतं. इतकी भारी वस्तू वापरायची कशी, म्हणून ते तसंच जपून ठेवलं होतं.

"आगं, कुंची कावून बाजूला ठिवली?" हरिबानं विचारलं.

"लोकं हसतील."

"हसंनात का. पोरीला थोडंच कळतंय हसलेलं?"

"पोरीला न्हाई, मला कळतंय ना," छबुबाई म्हणाली आणि रीतीप्रमाणे तिनं खोक्याच्या कोपऱ्यावर हळदी-कुंकवाचं बोट ओढलं. त्या कोपऱ्यात आधीच लाल-पिवळी नक्षी होती. छापलेली असेल असं तिला वाटलं. निघताना मात्र कुंची घरी ठेववेना. तिनं ती घडी करून पिशवीच्या तळाशी घातली, वर खोकं ठेवलं आणि एसटी पकडली.

बारशाला दूध संस्थेच्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. टँकर सकाळीच येऊन गेल्यामुळे सगळ्यांच्या तोंडावर टवटवी होती. घुगऱ्यांचा वास सुटला होता. मध्यभागी संस्थेची अध्यक्ष कडूबाई बसली होती. सत्तरीची म्हातारी. नाव कडू असलं तरी बोलणं गुळाचं. पण खरं बोलायला लागली की तो गूळही दात हलवायचा! कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं, तरी धारा काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"आत्याबाई, काय आणलं दाखव," कडूबाई म्हणाली. "आत्याचं अंगावर घातल्याबिगर पोरगी पाळण्यात जात न्हाई."

छबुबाईनं खोकं पुढं केलं. "लई भारी दिसतंय!" असं चारी बाजूंनी झालं आणि तिचा जीव भांड्यात पडला. खोकं फोडलं गेलं. तिनं हौसेनं फ्रॉक उलगडला तो चांगला सहा-आठ महिन्यांच्या पोरीचा निघाला. बारा दिवसांची चिमुरडी त्यात घातल्यावर फ्रॉकच तेवढा दिसायला लागला. मोज्यांचं इलॅस्टिक ओढलं तर कुरडईसारखं मोडलं. जरीची झालर गळ्याला टोचली तशी पोरीनं टाहो फोडला. तिला गप्प करायला शिवकन्येनं खुळखुळ्याची कळ दाबली, तर तो मुका! आतली बॅटरी कधीच पाझरून हिरवी झाली होती.

छबुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत्या म्हणून उभं राहायचा हा दिवस आणि पोरगी आपल्याच आहेरामुळं रडतेय! आता ही पोर आपण पाळण्यात कोणत्या तोंडानं घालायची?

तेवढ्यात कडूबाईनं खोकं डोळ्यांजवळ नेलं. "ही कोपऱ्यातली नक्षी न्हाई गं. ही हळदी-कुंकवाची बोटं हायेत. एक, दोन, तीन, चार, पाच." ती थांबली. एका आखूड, थोट्या ठशावर तिनं आपलं अर्धं बोट ठेवलं. ते नेमकं बसलं.

"अगं माय! हे तर माझं हाय!"

मग संस्थेतलीच भामाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "तुमच्या नातीच्या बारशाला मीच दिलतं ते, कडूमावशी."

"आन भामे, तुला मी," शेजारच्या तुळजाबाईनं कबूल केलं. "नेकनूरच्या बाजारातनं मीच आणलतं. सात वर्सं झाली."

"मी दिलं शिवकन्येला, थोरलीच्या बारशाला," कडूबाई म्हणाली आणि शिवकन्येकडं वळली. "मग तू?"

शिवकन्येनं जीभ चावली. "मी छबुआक्कालाच दिलतं. त्यांच्या धाकटीच्या वक्ताला. आक्का, माफ करा, मी बी उघडून बघितलं न्हवतं."

म्हणजे खोकं पाच घरं फिरून आलं होतं आणि सात वर्षांत एकाही लेकराच्या अंगाला लागलं नव्हतं! ओसरीत असा हशा पिकला की रामकिसन बाहेरून धावत आला. हसता हसता छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात थोडी लाज होती आणि बरीचशी सुटका होती.

"माझ्याजवळ अजून एक हाय," ती हळूच म्हणाली आणि पिशवीच्या तळातून कुंची काढली.

बाळाला कुंची घातली. पोरीनं एक उचकी दिली, एक जांभई दिली आणि गोंडा मुठीत धरून ती गप्प झाली. रामकिसननं वाकून कापडाला हात लावला. "छबे, हे आईचं लुगडं ना? हरभरा काढताना नेसायची ते?"

"आक्का, हे झाकून कावून ठिवलं?" शिवकन्येनं विचारलं.

"वाटलं, तुमाला कमीपणा येईल."

"कमीपणा आमाला यायला पायजे, पोरी," कडूबाई म्हणाली. "मी बी त्यातलीच. नातीसाठी जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवली आन लाजून उतरंडीमागं टाकली. आता इचार कर. हे खोकं पाच घरं कावून फिरलं? त्यात कुणाचंच काही न्हवतं म्हणून. ही कुंची आता दुसऱ्याला देऊन दाखव बरं! हात होईल का कुणाचा?"

"पर मावशी, दुकानातलं समदं वाईट थोडंच असतंय?" भामाबाईनं विचारलं.

"कोण म्हणतं वाईट? औषध दुकानातनंच आणायचं, पाटी-पेन्सिल बी आणायची. लेकराला लागंल ते आणायचं. पर लोकांना दाखवायला आणायचं न्हाई. आन हातानं केलेलं लपवायचं तर मुळीच न्हाई. दूध घालायला गेलो की रांगेत अर्धा घंटा नुसत्या तोंडाच्या वाफा दवडतो आपण. तेवढ्या वेळात सुई चालंल का न्हाई? एकेकीचं चरवीभर दूध एकत्र करून कॅन भरतोच की. तसाच एकेकीचा एक तुकडा. ज्या घरी बारसं, त्या घरी समद्यांच्या हातची वाकळ."

ठराव तिथंच, घुगऱ्या खाता खाता मंजूर झाला. सचिवबाईंच्या मांडीवर बाळ असल्यामुळे तो लिहायचा तेवढा राहिला.

मग छबुबाईनं पोरीला ताठ मानेनं पाळण्यात घातलं, कानाशी वाकून "कुर्रर्र" केलं आणि आपल्या आईचं नाव सांगितलं. सगुणा. बायकांनी तिच्या पाठीवर धपाधप बुक्के मारले, आणि ते तिला त्या दिवशी फुलांसारखे लागले.

आज त्या गावच्या दूध केंद्रावर गेलात तर मापाच्या टेबलाशेजारी फुगे आणि ससे छापलेलं एक खोकं दिसेल. त्यात सुया, दोऱ्याची रिळं आणि घरोघरच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे असतात. चार वाकळा त्यातून निघाल्या, पाचवी चालू आहे.

मंडळी, आपल्याही कपाटात असं एखादं फिरतं खोकं असेलच. पुढच्या बारशाला ते उचलण्याआधी एकदा त्याचा कोपरा बघा आणि मग सुई-दोरा शोधा. विकतची वस्तू कुणाचीही होऊ शकते. हातानं केलेली वस्तू ज्याच्यासाठी केली त्याचीच होते. लेकराला तेवढंच तर हवं असतं, की कुणीतरी आपल्यासाठी, फक्त आपल्यासाठी, चार टाके घातले होते.