हापशाला कुलूप लावणारा मीटर

मित्रांनो, मी पाण्यातले शिसे शोधणारा एक जुना मीटर आहे. पाणी कितीही नितळ दिसले तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही. स्वभावच तसा, त्याला मी तरी काय करू?

परभणीच्या एका प्रयोगशाळेत माझी जुळणी झाली. माझी कार्बनची कांडी पाण्यात बुडवून वीज सोडली, की शिसे तिला येऊन चिकटते. वीज उलट फिरवली, की ते सुटते आणि पडद्यावरची रेघ उंच उठते. शिसे नसेल तर रेघ आडवीच राहते. शेजारच्या टेबलावर लोखंडी पट्ट्यांचे भांडे होते. ते विजेने शिसे गाळात बसवून पाणी शुद्ध करी. पाहुणे त्याचेच कौतुक करत. चोर पकडणाऱ्याला कोण विचारतो?

पुढे तपासनीस दिनकररावांनी मला गावोगाव फिरवले. बाटली धुतलेली असली तरी मला आधी तिचाच संशय येई. झरी गावाजवळच्या एका वस्तीत साक्षी नावाची सहा वर्षांची मुलगी रोज पोट धरून रडत असे. पाणी तपासायला आम्ही तिथे गेलो. दिनकरराव हापशाकडे निघाले, तोच साक्षीची आजी सगुणाबाई चकचकीत पितळी घागर घेऊन दारात आली.

"उन्हात कशाला जाता साहेब? ह्याच हापशाचं हाय, कालच भरून ठिवलंय."

दिनकररावांनी तेच पाणी घेतले. रेघ उंच उठली. हापशाला कुलूप लागले, मला शाबासकी मिळाली. पुढे लागलो तर असावा म्हणून दिनकररावांनी मला वापरायची रीत शिकवून वस्तीच्या शाळेत ठेवले, आणि मी तिथल्या कपाटात जाऊन पडलो. बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या.

साक्षीचे पोट मात्र दुखतच राहिले. दोन महिन्यांनी तिच्या शिक्षिका धम्मशीलाबाईंनी मला बाहेर काढले. "पाणी बदललं तरी पोरगी तशीच कशी? मला काई हे पटंना," त्या म्हणाल्या.

त्यांनी कुलूप काढायला लावून हापशाचे पाणी थेट बाटलीत भरले. रेघ आडवी राहिली. कांडी पुसून त्यांनी तीनदा पाहिले. विहिरीचे पाणी थेट घेतले, तरी ती आडवीच. मग तेच विहिरीचे पाणी सगुणाबाईच्या घागरीतून घेतले. रेघ वर चढली. बाईंनी घागरीत डोकावून पाहिले. आत नवी कल्हई होती. म्हणजे तिच्या कथलात कुणीतरी स्वस्त शिसे मिसळले होते.

"आजी, कल्हई कुणी केली?"

"फिरस्ता आलता, सस्तात करून गेला. पोरीला चांगलं पाणी मिळावं म्हणून केली." सगुणाबाईने घागरीकडे पाहिले. "म्हंजी मीच पाजायलते का तिला?"

बाईंनी घागर उचलून अंगणात पालथी घातली. साक्षीवर आता परभणीला उपचार चालू आहेत.

मित्रांनो, मी सगळ्यांवर संशय घेतला. त्या घागरीवर घेतला नाही, कारण ती आजीच्या हातात होती. याची मला फार लाज वाटते. माझी कांडी पुसून ठेवा, आणि मला बुडवण्याआधी ते पाणी कोणत्या भांड्यातून आले ते विचारा. दोन महिने आजी मायेने तांब्या भरून देत होती, आणि मी कपाटात शाबासकी घेऊन बसलो होतो.