फटाक्याला न भिणारं पोर

चुलीवरची पेज उतू जायला आली होती, तरी विनीताचा डोळा ओट्यावरच्या मोबाईलवर होता. 'आमचा घर' या ग्रुपवर दिव्याने पुन्हा काहीतरी टाकलं होतं. दिव्या ही तिची धाकटी जाऊ. ती, नवरा अजय आणि लेक रिया, तिघं कोल्हापुरात राहायची.

"बघूचाच नाय," असं स्वतःशी म्हणत विनीताने पेज उतरवली, हात पुसले, आणि बघितलंच.

वर्षाची रिया सोफ्याला धरून उभी होती. तिने सोफा सोडला, दोन पावलं डुलत टाकली, आणि अजयच्या गुडघ्याला मिठी मारून म्हणाली, "बाबा." खाली सासूबाईंचा आवाज आला होता. सुगंधाबाईंना लिहायला जमत नसे, त्या बोलूनच पाठवत. "चलली गो माझी बाय. बोलली पण. कोणाची नजर लागाक नको."

तिचा अनिश रियापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. पण पहिला दात रियाला आधी आला, रांगली ती आधी, आणि आता चाललीही तीच. बोलायचं तर नावच नको. अनिश "आ" आणि "ऊ" याच्या पुढे गेला नव्हता. मागच्या दारी तो करवंटीत खडे भरत बसला होता. भरायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. किती गोड पोर! मग त्याच्याकडे बघताना आपल्याला दुसऱ्याचंच पोर का दिसतं, हे विनीताला कळत नसे.

झोपवताना ती त्याला आपलं स्वतःचं गाणं म्हणे,

"नीज रे माझ्या राजा, भरती गेली ओसरून,
वाळूवरच्या शिंपल्याने घेतलं दार लावून."

अनिश आपला तळवा तिच्या गळ्यावर टेकवी, तेव्हाच त्याला झोप लागे. तळवा काढला की रडे. लाडाची सवय, दुसरं काय, असं सगळे म्हणत.

पण एका गोष्टीत अनिश पुढे होता. कुणकेश्वरच्या अलीकडे, उतारावर त्यांची हापूसची कलमं होती. आंबा धरला की वानरांच्या टोळ्या येत, आणि गुरुप्रसाद, विनीताचा नवरा, त्यांना हाकलायला सुतळी बॉम्ब लावी. खळ्यातल्या कोंबड्या उडत, कुत्रा पडवीत शिरे. अनिश मात्र आपल्या करवंटीपाशी तसाच बसून राही.

"हो खरो बागायतदाराचो झील," सुगंधाबाई आल्यागेल्याला सांगत. "वाघ आसा वाघ. दचकणा सुद्धा नाय."

हा एकच दागिना विनीताकडे होता, आणि तो ती रोज घासूनपुसून ठेवी.

शिमग्याला दिव्या आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कलमांत बॉम्ब फुटला. रिया किंचाळली, आईच्या खांद्यात तोंड खुपसून हमसून रडली. अनिशने करवंटी ओतली आणि पुन्हा भरायला घेतली.

"शहरातली पोरा भित्रीच गो," विनीता गोड आवाजात म्हणाली. "काय करतलंस? सवय नाय ना."

दिव्या हसली, पण तिची नजर अनिशवर खिळली होती. दुपारी दोघी मागच्या दारी ओले काजू सोलायला बसल्या, तेव्हा तिने हळूच विषय काढला.

"वयनी, राग येवचो नाय तर एक सांगू?"

"सांग."

"अनिशान मान पण वळवली नाय मगाशी. नंतर मी तेच्या मागे ताट पाडून बघलंय. तरी नाय. तेचे कान एकदा तपासून घेवया? कोल्हापुराक येवा, मी नंबर लावून ठेवतंय."

विनीताच्या हातातला काजू तसाच राहिला. "ताट पाडून बघलंस? माझ्या झिलाची परीक्षा घेवक इलेलंस काय तू?"

"तसा नाय वो, वयनी..."

"तुझा चेडू भियाला, म्हणून माझो झील बहिरो? घराण्यात कोण बहिरो नाय. तुझ्या पोरीची पावला, तुझ्या पोरीचे दात सगळ्यांनी बघले, कौतुक केला. ह्या एक तरी माझ्या पोराचा रवांदे."

काजूच्या चिकाने दोघींची बोटं काळी झाली होती. दिव्याने उरलेले काजू सोलून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती निघून गेली.

त्याच दुपारी विनीताने मनाशी ठरवलं, दाखवूनच देऊ. अनिश माजघरात बसला होता, पाठ दाराकडे. मागच्या दारातून ऊन आत आलं होतं. एका हातात मोबाईल धरून ती दारात उभी राहिली आणि हाक मारली, "अनिश!" अनिश वळला. तिच्याकडे बघून हसला.

ग्रुपवर तिने लिहिलं, "एका हाकेत वळलो माझो राजा." चहूकडून लाल बदाम आले. दिव्यानेही बदाम पाठवला, आणि तोच विनीताला जास्त टोचला.

मग ती तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसली. पाचव्यांदा बघताना तिला ते दिसलं. पाठीमागच्या उन्हाने तिची सावली लांब होऊन आधी अनिशच्या हातावर पडली होती. अनिशने आधी सावलीकडे बघितलं, मग तो वळला. हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

विनीताने मोबाईल पालथा ठेवला आणि आपण काहीच पाहिलं नाही असं ठरवून टाकलं.

असे पाच महिने गेले. अनिश चालू लागला, पण बोलेना. गुरुप्रसाद म्हणे, "काय काय पोरा उशिरा बोलतत." ग्रुपवर रियाचे शब्द वाढत होते. मामा, भूभू, पाणी, नको. प्रत्येक शब्द विनीताच्या अंगावर चटका देऊन जाई. आणि जळणाऱ्या मनाला कारण लागतंच. तिने ते शोधून काढलं. दिव्याने ताट पाडलं, त्याच दिवशी तिची दृष्ट लागली.

श्रावणात एका सकाळी नारळ घेऊन ती दाजींकडे गेली. दाजी गुरुप्रसादचे चुलते, शेजारच्याच घरात राहणारे. गावात कुणाचंही गाऱ्हाणं घालायचं तर दाजींनीच. देवासमोर नारळ ठेवायचा, मनातलं सगळं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही या किनाऱ्याची रीत.

"दाजी, अनिशाक दृष्ट लागली. गाऱ्हाणा घाला. पण कोणाक कळाक नको."

दाजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. "कोणाक कळाक नको, तर गाऱ्हाणा कित्याक गो? ह्येच्यात आडपडदो चलणा नाय. कोणाची दृष्ट, तेचा नाव घेवचा लागता. सांग."

"...दिव्येची."

"बरा." दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "आता माका समजावून सांग. दृष्ट लागता ती नसलेल्याची, असलेल्याक. अनिशाकडे असा काय आसा, जा रियाकडे नाय?"

विनीताने तोंड उघडलं. दात आठवले, पावलं आठवली, शब्द आठवले. सगळं रियाकडे होतं. तिच्याकडे एकच होतं, आणि तेच तिने सांगितलं.

"तो... फटाक्याक भिणा नाय."

आपलेच शब्द तिच्या कानी पडले. जणू इतके दिवस ती हे वाक्य फक्त म्हणत होती, ऐकलं आत्ता. नारळ मांडीवरून घरंगळला. दाजींनी तो उचलून बाजूला ठेवला.

"दाजी, तो आयकणा नाय," ती म्हणाली. "माका म्हायत होता. शिमग्यापासून." आणि मग तिने सावलीचं सगळं सांगितलं.

दाजी रागावले नाहीत. "जळलंस. ह्या माका समजता. माझो भाव मुंबयक गेलो, तेचा बरा झाला, तर पंधरा वर्सा मी तेच्या पत्रांक उत्तर धाडूक नाय. काय लिवलेला तेना, ता मी आज इतक्या वर्सांनी वाचतंय. म्हणून तुका विचारतंय. पाच महिने तू रियाक बघलंस. दिवसातसून दहा खेपा बघलंस. अनिशाक कोणी बघला?"

विनीता बाजूला ठेवलेल्या नारळाकडे बघू लागली.

"ह्या घरात इतकी माणसा. आजी वाघ म्हणून नाचली, बापूस खुश, मी पण टाळी दिलेलंय. पोराक नीट बघला ता एकट्या दिव्येन. आणि तू तिचीच दृष्ट काढूक नारळ घेऊन इलंस."

"पण तिचा सगळा बरा आसा, दाजी. माझाच कित्याक असा?" विनीताला रडू फुटलं.

"तिचा बरा आसा. रवांदे. तिच्या पोरीचे शब्द कमी झाले म्हणून ते अनिशाक मिळतले काय? हेका उत्तर माझ्याकडे नाय, बाय. कोणाकडेच नाय. पण कानाक डॉक्टर आसा. गाऱ्हाणा मी घालतंय. देव कान तपासणा नाय, ता काम डॉक्टराचा. पयलो फोन कर."

झोपाळ्याच्या कडीला टेकून, नाक पुसत, विनीताने दिव्याला फोन लावला. "दिव्या, तू म्हणालंस ता खरा होता. नंबर लाव."

"पाच महिने गेले, वयनी," दिव्या म्हणाली. मग तिचाही आवाज ओला झाला. "मी पण परत बोलूक व्हया होतंय. तुमचो राग बघून गप रवलंय. चुकला माझा. उद्याच लावतंय नंबर."

कोल्हापूरच्या रुग्णालयात अनिशला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. डॉक्टर बाई साध्या शब्दांत बोलल्या. "दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. आधी श्रवणयंत्र लावू, काही महिने बघू. त्याने भागलं नाही, तर शस्त्रक्रिया. त्याबरोबर दर आठवड्याला बोलण्याचं शिक्षण, निदान वर्षभर. पहिली तीन वर्षं भाषेची असतात. थोडं आधी आला असतात तर जास्त बरं झालं असतं. पण आलात, वेळ अजून गेलेली नाही."

गुरुप्रसाद बाहेरच्या बाकावर बसून आपल्या तळहातांकडे बघत राहिला. "मीच बॉम्ब लावी होतंय. माका तरी कळूक व्हया होता," एवढंच तो म्हणाला. घरी सुगंधाबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "वाघ म्हणून मीच नाचवलंय गो तेका."

ठरलं ते असं. गणपती झाले की विनीता आणि अनिश वर्षभर कोल्हापूरला राहणार, दिव्याच्या घरी. गुरुप्रसाद कलमांसाठी इथेच राहणार. म्हणजे जिच्या शब्दांनी इतके दिवस चटके दिले, त्या पोरीच्या बडबडीतच आता विनीताला सकाळ-संध्याकाळ काढायची होती. मनात धाकधूक होती, पण तिने ती कुणापासून लपवली नाही. "माका जड जातला," तिने दिव्याला सांगितलं. दिव्या म्हणाली, "जावंदे. जड गेला की माका सांगा, मी रियाक घेऊन बागेत जातंय."

त्याच दिवशी विनीताने तो जुना व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ह्येच्यात अनिश हाकेक नाय, सावलीक वळलो. तेका आयकूक येणा नाय. माका कळलेला, मी सांगूक नाय. तुमच्या घरात कोणी पोर हाकेक वळणा नसात, तर धीट म्हणू नका. तपासून घेवा." या वेळी बदाम आले नाहीत. फोन आले. एकामागून एक, दिवसभर.

विसर्जनाच्या सकाळी, कोल्हापूरच्या तिघांसकट, सगळं घर गणपतीसमोर जमलं. दाजींनी नारळ ठेवला आणि मागे सरले. "आज तूच बोल. तुझा गाऱ्हाणा तू घाल."

विनीताने अनिशला कडेवर घेतलं. त्याच्या कानांमागे आठवड्यापूर्वी बसवलेली छोटी यंत्रं होती. तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. माझ्या झिलाक आयकूक येणा नाय, ह्या आज सगळ्यांसमोर सांगतंय."

"व्हय म्हाराजा," घर म्हणालं.

"मी दुसऱ्याच्या पोरीवर जळलंय, आणि त्या जळण्यात माझ्या पोराचे पाच महिने गेले. ता माका माफ कर."

"व्हय म्हाराजा."

मागून एक बोबडा आवाज आला, सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांहून मोठा. "वय मालाजा!" रिया. सगळे हसले. विनीताच्या छातीत ती जुनी कळ आली, नेमकी तशीच. तिने ती येऊ दिली, आणि पुढचं वाक्य बोलली.

"आणि म्हाराजा, ह्या रियाची वाचा अशीच खणखणीत रवांदे. माझ्या अनिशाक बोलूक तीच शिकवतली आसा."

"व्हय म्हाराजा."

आपल्या घराघरांत हेच चाललेलं असतं. कुणाचं मूल आधी चाललं, कुणाचं आधी बोललं, याची शर्यत आपण हातातल्या फोनवर रोज लावतो आणि रोज हरतो. दुसऱ्याच्या मुलाच्या पावलांवर डोळा ठेवून बसलं की आपल्या मुलाचे कान दिसत नाहीत. मत्सर वाटणं माणसाला चुकत नाही. पण त्यापायी मुलाचं दुखणं झाकून ठेवू नये, आणि ज्याने ते आधी ओळखलं त्याला वैरी समजू नये. लाज आजाराची नसते. गेलेल्या वेळेची असते, आणि ती वेळ मुलाच्या वाट्याची असते.

विनीता बोलत होती तेव्हा अनिशने आपला तळवा, झोपताना गाण्याची थरथर टिपायला ठेवी तसाच, तिच्या गळ्यावर टेकवला होता. ती थांबली तरी त्याने तो काढला नाही. यंत्रातून त्याला काही ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्याने मान वर केली, तिच्या ओठांकडे बघितलं, आणि दुसरा तळवा आपल्या स्वतःच्या गळ्यावर ठेवून म्हणाला, "आ."