लढवय्याचं गाजर

मित्रांनो, मी एक जुना लढवय्या आहे. म्हणजे होतो. आता मी नक्की कोण, ते माझं मलाच कळेनासं झालंय. पण सांगतो, पहिल्यापासून सांगतो.

मी फोमचा. रिमोटवर उडणारा. एका खऱ्या लढाऊ विमानाची छोटी नक्कल. साच्यात वाफ सोडून मला फुगवलं, दोन अर्धी अंगं चिकटवली, आणि पोटावर शिवण राहिली ती कायमची. अंगावर हिरवे-करडे पट्टे. पंखांत प्लॅस्टिकच्या बंदुका. नाकात मोटर, पोटात बॅटरी. वर काचेसारखा घुमट आणि त्याखाली इवलासा पायलट. त्याला मिशी मामानं काढली, पेनानं. म्हणाला, "असा गुळगुळीत चेहरा घेऊन लढाईला गेला तर शत्रू हसून मरेल."

मामा म्हणजे माझा मालक. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि मग घरी बसला. बसला कसला, रोज मला घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. बरोबर त्याची भाची. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. ती त्याला मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मला कुणी विचारलेलं नाही.

मामाची एक सवय होती. माझ्या पंखांखाली दोन बारीक उंचवटे होते, तांदळाच्या दाण्याएवढे, साच्यातूनच आलेले. तिथं बोटं टेकवून मला उचललं की मी सपाट राहायला हवा. शेपटी खाली झुकली तर बॅटरी पुढे सरकवायची, नाक झुकलं तर मागे. मामा हे न बघता करायचा. बोटं सरळ त्या दाण्यांवर जायची. "लिफ्ट असो की विमान, आधी तोल, मग गमजा," असं म्हणायचा आणि मग मला भिरकावायचा.

काय दिवस होते ते. मी गिरकी घ्यायचो, उलटा व्हायचो, गवताला पोट घासून जायचो. मैदानावर एक टोपीवाला असतो, त्याचं स्वतःचं विमान उडण्यापेक्षा झाडावर जास्त असतं. तोसुद्धा मान डोलवायचा.

मग मामाचे डोळे गेले. सगळे नाही. मधोमध एक धुरकट डाग आला. कडेनं दिसायचं, समोर बघितलं की नेमकं जे बघायचं तेच गायब. डॉक्टर म्हणाले, मधलं काही परत यायचं नाही, कडा टिकतील.

त्या दिवशी आभाळ करडं होतं. मी पण करडा. मामानं मला वर नेलं आणि मी त्याच्या डागात शिरलो. खाली तो रिमोट घेऊन उभा, चेहरा आभाळाकडे, आणि मला काही हुकूमच येईना. मी सरळ जात राहिलो. कुंपणावर आपटलो. शेपटी तुटली. ती चिकटवली, पण घरी मामी म्हणाली, "पुरे झालं आता. उद्या कुणाच्या डोक्यात घालाल." मामानं ऐकलं. मला पुसलं आणि कपाटावर ठेवलं.

तिथं मी धूळ खात पडलो. मामा खाली खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा. दोघांची एकच गत.

आता ऐका. खरी गोष्ट इथं सुरू होते आणि माझ्या काळजात अजून धस्स होतं.

मामा आणि मामी दोन दिवस एका लग्नाला गेले. घराची किल्ली भाचीकडे. ती आली, मला खाली काढलं, पुसलं. मला वाटलं, चला, उडवणार. तिनं मला जेवणाच्या टेबलावर उताणं ठेवलं. पिशवी उघडली. आतून लॅबमधल्या सुऱ्या, कानशी, बारीक करवत, एक फिरतं यंत्र.

तिनं माझ्या डाव्या पंखावर पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली.

मित्रांनो, मला वाटलं मोजमाप चाललंय. पुढच्या क्षणी पंखाचं टोक टेबलावर पडलं.

मला ओरडता येत नाही, फोमला ते जमत नाही. मी नुसता बघत राहिलो. आतली कार्बनची दांडी करवतीनं करकर कापली. मग उजवा पंख. मग बंदुका उपटल्या, त्या वाटीत ठेवल्या. मग घुमट काढला, आणि त्यापेक्षा बुटका घुमट बसवायचा म्हणून त्या बिचाऱ्या पायलटला छातीपासून कापलं. तो मिशीखालून तसाच हसत होता.

सगळ्यात वाईट पुढे. रंगाचा डबा आणला होता, फवारणीचा. आधी चाचणी म्हणून तिनं तो माझ्या कापून पडलेल्या टोकावर मारला. टोक फसफसलं, वितळलं, खड्डा पडला. माझंच अंग, माझ्याच डोळ्यांदेखत. "अरे देवा," ती हळूच म्हणाली, डबा कचऱ्यात टाकला आणि पाण्यात मिसळायचा रंग घेऊन आली. आगीतून निघालो, फुफाट्यात पडता पडता वाचलो.

हे सगळं कशासाठी, ते तिच्या फोनवर बोलण्यातून कळलं. मैत्रिणीला सांगत होती. "अगं, दुसरं महायुद्ध संपल्यावर लोकांनी असली विमानं विकत घेतली. बंदुका काढल्या, पंख छाटले, भडक रंग दिला आणि खांबांभोवती शर्यती लावल्या. मामाला हिरवं-करडं दिसत नाही. नारिंगी दिसेल. कडेनं तरी दिसेल... नाही, त्याला सांगितलं नाहीये. सांगितलं तर नको म्हणेल."

म्हणजे मी आता शर्यतीचं विमान होणार होतो. नातं लढाईशी तुटलं, जुळलं रंगपेटीशी.

मग पॉलिश पेपर. त्या मुलीला खरखर सहन होत नाही. कवळीवर केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाची जीभ दिवसभर तिथंच जाते, म्हणून तिच्या हाताला वळणच तसं पडलंय. डोळे मिटून बोट फिरवायचं, बोट अडलं की घासायचं. माझ्या अंगावरच्या खोट्या रेषा, खोटे खिळे, पोटावरची शिवण, सगळं घासलं. पुट्टी भरली, परत घासलं. पंखांखाली आली. बोट अडलं. घासलं.

ते दोन दाणे गेले. तिला कळलंही नाही. मला कळलं, पण सांगू कुणाला.

संध्याकाळी मी आरशात पाहिलं स्वतःला. नारिंगी, चकचकीत, बुटक्या पंखांचा, बाजूला मोठा पांढरा सात आकडा. मला माझी ओळख पटेना.

मामा-मामी परत आले. मामी पहिली आत आली आणि हातातली पिशवीच खाली सोडली.

"हे काय केलंस गं?"

"मामी, ऐक तर..."

"काय ऐकू? जीव होता त्याचा त्यात. तू कापलंस?"

मला धक्काच बसला. हीच ती, जी म्हणायची की कपाटावरचा हा कचरा एकदा भंगारात द्या.

मामा दारात उभा. त्यानं मान तिरकी केली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून टेबलाकडे बघितलं. "नारिंगी काय आहे तिथं?"

तो जवळ आला. हात लावला. नाकावरून बोटं मागे नेली. घुमट बुटका लागला, थांबला. पंखावर गेला आणि पंख संपला तिथं हात हवेत राहिला. चेहरा असा झाला की मला वाटलं, परत वितळावं. मग सवयीनं बोटं पंखाखाली गेली. दाणे शोधत होती. इकडे, तिकडे, परत इकडे.

"खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा?" भाची म्हणाली.

"तोलाच्या."

तिचा एकदम तोंडावर हात. "मामा, मी ते... मला वाटलं साच्याचा दोष आहे."

"दोष." मामा खुर्चीत बसला. "मला विचारायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. ते म्हणायचा हक्क माझा होता ना?"

भाचीनं मान खाली घातली. मामी पाणी आणायला गेली, आणायचं विसरली आणि तशीच आत उभी राहिली. बराच वेळ मी टेबलावर आणि मामा खुर्चीत. मला वाटलं, झालं, आता कपाटसुद्धा नशिबात नाही.

तेवढ्यात मामा म्हणाला, "पंख कापलेस म्हणजे तसाही तोल बदलला. जुन्या खुणा असत्या तरी खोट्याच ठरल्या असत्या. बॅटरी आण."

त्यानं मला दोन बोटांवर धरलं. भाची बॅटरी सरकवत होती. "पुढे. अजून. फार झालं, मागे घे. तुझा तो पायलट कुठाय, तोही वजनाला लागतो."

"अर्धा आहे."

"अर्धा का?"

"कापला."

मामाच्या पोटातून कुठूनतरी हसू आलं. "मिशी तरी ठेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी मैदानावर. टोपीवाल्यानं लांबूनच पाहिलं. "काय हो, आज गाजर उडवणार?"

"आधी खाली उतरव तुझं झाडावरचं," मामा म्हणाला.

टोपीवाल्यानं मैदानावरच्या बाकीच्या लोकांना कुंपणापाशी मागे उभं केलं. भाचीनं रिमोट मामापुढे धरला. मामानं हात खिशात घातले. "तूच उडव. मला दिसत नाही, उगाच तमाशा नको."

"काल हक्काची गोष्ट करत होतास ना? मग आज विचारते. उडवतोस?"

मामाचे हात खिशातून निघाले.

तिनं मला भिरकावलं. मित्रांनो, छाटलेल्या पंखांनी मी सुटलो तो बाणासारखा. एवढा वेग मला जन्मात माहीत नव्हता. माझेच डोळे पांढरे झाले. खाली मामाकडे बघतो तर काय, तो माझ्याकडे बघतच नव्हता. तोंड भलतीकडे, पार कुंपणाकडे वळवलेलं. मी म्हटलं संपलं, परत तेच कुंपण. आणि हुकूम आला. डावीकडे. वळलो. परत हुकूम. उजवीकडे, वर, गिरकी. तो मला कडेनं पकडत होता. मी जिकडे जाईन त्याच्या उलट तोंड फिरवायचा, आणि मी नारिंगी रेघ होऊन त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात राहायचो.

"तो बघतोय तरी कुठं?" टोपीवाला कुजबुजला.

"विमानाकडेच," भाची म्हणाली.

उतरायच्या वेळी मी समोरून सरळ त्याच्याकडे आलो आणि डागात शिरलो. मामाचा चेहरा पडला. "गेलं. दिसत नाही."

"मी सांगते. खाली घे. अजून खाली. आता हळू, हळू कर..."

त्यानं हळू केलं, जुन्या लांब पंखांना चालायचं तेवढं. माझ्या बुटक्या पंखांखालची हवाच संपली. मी धोंड्यासारखा पडलो. कट्कन आवाज आला.

"कुठं पडलं?" मामा.

भाची धावत आली, मला उचललं. "उतरलं की. छान उतरलं."

"मोडल्याचं ऐकलं मी. नाक की पंख?"

तिनं डोळे पुसले. "नाक."

"मग रडतेस कशाला? नाक चिकटतं. आणि पुढच्या वेळी मला हळू कर म्हणून सांगू नकोस. या पंखांना हळू चालत नाही, वेगातच टेकवावं लागेल."

पुढच्या वेळी. मी फुटक्या नाकानं ते ऐकलं. भाचीनंही ऐकलं, कारण तिचा हात माझ्या पोटावर एकदम घट्ट झाला.

तर मित्रांनो, आत्मकथा सांगणारी आमची वस्तूंची जात शेवटी म्हणते, आम्हाला सांभाळा. मला तेवढं म्हणायचं नाही. मला पुसून कपाटावर चढवलं आणि टेबलावर पाडून कापलं, दोन्ही प्रेमानंच झालं. मी फोमचा, मला विचारून काय उपयोग. पण मामाला तोंड आहे. त्याला खुर्चीत बसवतानाही कुणी विचारलं नव्हतं. घरात कुणासाठी काही ठरवाल तेव्हा आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर उद्या परत विचारा.

आत्ता माझं नाक चिकटवून कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवलंय. मामा दर थोड्या वेळानं येतो आणि बोट लावून बघतो. मामी ओरडते, तरी येतो. कुणीतरी सांगा हो त्याला. गोंद वाळू दे म्हणावं.