तूर्तास इथेच असू दे

मी एक जार फाइल बोलतेय, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामचं बांधलेलं एक गाठोडं. पाण्याचा जार नव्हे हो, तो वेगळा. त्याला उचलायचं तर माणूस आधी कंबर सांभाळतो. मला मात्र कोणीही उचलतं आणि कुठेही टाकतं. माझ्या आयुष्याचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझा जन्म रक्त तपासणाऱ्या एका लॅबमधल्या संगणकावर झाला. त्या लॅबचा सर्व्हर भलताच शिष्ट. कोणी सरळ दारात जाऊन ‘रिपोर्ट द्या’ म्हणालं, तर ढुंकूनसुद्धा बघत नाही. म्हणून लॅबवाल्यांनी मला घडवलं आणि हॉस्पिटलांना वाटून टाकलं. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये राहायचं, त्याच्या वतीने लॅबच्या सर्व्हरशी त्याच्याच भाषेत बोलायचं आणि रिपोर्ट घेऊन यायचा, हे माझं काम. आम्हाला क्लायंट लायब्ररी म्हणतात. नाव भारदस्त, पण काम निरोप्याचं.

आमच्यात कोणी एकटं येत नाही. मीही गोतावळा घेऊनच आले. मजकूर उलगडणारी आत्या, तारखा वाचणारी मावशी, आणि त्या आत्येच्या दोन नणंदा, ज्या नेमकं काय करतात ते मला आजवर कळलेलं नाही. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा वाचणारी एक मावशी आधीपासूनच होती. दोघींची अशी काही जुंपली, की जन्मतारखांचा घोळ होऊन लहान मुलांच्या वॉर्डात निवृत्त आजोबांची नावं दिसायला लागली.

तेव्हा आयटी विभागाचे साहेब धावून आले. त्यांना पाठीमागे सगळे ‘तूर्तास’ म्हणतात, का ते कळेलच. खरं तर कोणती लायब्ररी हवी ते प्रोजेक्टमध्ये नीट लिहून ठेवायचं असतं, म्हणजे टूल आपलं आपण तिला घेऊन येतं. पण साहेबांना तेवढा धीर कुठला! त्यांनी मला माउसने धरलं आणि सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये नेऊन सोडलं. मावश्यांचं भांडण मिटलं. “तूर्तास इथेच असू दे,” असं म्हणून साहेब चहाला गेले. चहा पिऊन ते परत आले, पण माझ्याकडे काही परत फिरकले नाहीत.

आता जावा, म्हणजे ज्या संगणकी भाषेच्या घरात आम्ही सगळ्या नांदतो, त्याचा एक स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. एकाच नावाच्या दोघी असल्या, तर जी आधी सापडेल तिलाच तो कामाला लावतो. दुसरी कितीही गुणाची असो, तिच्याकडे बघत नाही. आणि आमचा सर्व्हर शोधायला सुरुवात करतो ती सामायिक फोल्डरपासून. म्हणजे मी दारातच बसलेली. वर्षानुवर्षं मी इमानेइतबारे रिपोर्ट आणले, आणि मी कुठे आहे हे मात्र सगळे साफ विसरून गेले.

मग आयटी विभागाच्या खोलीत, साहेबांच्या हाताखाली, सूनबाई आली. धुतलेल्या चादरींच्या खोलीशेजारी आमची खोली, कपाटात सर्व्हर, दाराशी सतत कपड्यांच्या ढकलगाड्यांचा खडखडाट. तिला बाकीचे मॅडम म्हणतात, पण मी सूनबाईच म्हणते, कारण दिवसभर तिच्या सासूबाईंच्या फोनवर तेच ऐकू यायचं. “अगं सूनबाई, गॅस बंद केलास का? दिवसभर त्या डब्यापुढे बसून करतेस तरी काय?” “काम करते, आई,” एवढंच ती म्हणायची.

पोरगी मोठी शिस्तीची. लॅबवाल्यांनी कळवलं, की आमची जुनी बोली बंद होणार, नवी लायब्ररी घ्या. सूनबाईने लगेच माझ्याच नावाची माझी धाकटी बहीण रीतसर प्रोजेक्टमध्ये आणली, तिच्या गोतावळ्यातल्या भांडखोर मंडळींना बाहेर ठेवलं, सगळं तपासलं. तिच्या संगणकावर झकास चाललं, कारण तिथे मी नव्हतेच! सर्व्हरवर मात्र धाकटी आत बसून राहिली आणि कामाला मीच जात राहिले. रिपोर्ट येत होते, त्यामुळे कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

ज्या सकाळी लॅबने जुनी बोली बंद केली, नेमक्या त्याच सकाळी सासूबाईंचं ऑपरेशन होतं, आमच्याच हॉस्पिटलात. पित्ताशयात खडे, पोटात कळा, वरून उपाशी. सर्जन दुपारी परगावी निघणार होते. तोवर रक्ताचा रिपोर्ट आला नाही, तर ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर जाणार होतं.

मी नेहमीसारखी लॅबच्या दारात गेले. सर्व्हर म्हणाला, “कोण तुम्ही?” मी आपली ओळख सांगितली. त्याने दार लावून घेतलं. इतक्या वर्षांची ये-जा, आणि ओळखसुद्धा दाखवू नये? मी हात हलवत परत आले.

लॅबवाले आकडे फोनवर सांगायला तयार होते. पण भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, “ऐकीव आकड्यांवर मी कोणाला झोपवत नाही. पडद्यावर दाखवा.” त्यांचं काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. “सूनबाई, माझा रिपोर्ट म्हणे तुमच्याकडेच अडलाय? घोटभर पाणीसुद्धा देईनात गं मला.”

“आई, बघतेय. थोडा धीर धरा ना,” असं म्हणत तिने फोन ठेवला.

साहेब म्हणाले, “सर्व्हर बंद करून चालू कर.” केला. “परत कर.” परत केला. सूनबाईने धाकटीला काढलं, पुन्हा घातलं, तिची पार उलटतपासणी केली. बिचारी निर्दोष! मी जीव तोडून ओरडत होते, अगं, ती नाही, मी आहे, मी! पण आम्ही ओरडलो तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नुसती एक लाल ओळ उमटते, आणि तिथे लाल ओळींचा आधीच खच पडलेला. आपण सापडलो की आपलं संपलं, हे मला कळत होतं. भीती वाटत होतीच. पण ती म्हातारी पाण्यावाचून तळमळत होती आणि तिच्या वाटेत मी आडवी पडले होते, याची लाज भीतीपेक्षा जास्त होती.

शेवटी सूनबाई म्हणाली, “आता यालाच विचारते, कोणाला कुठून उचलतोयस ते सांग.” तिने सर्व्हरला प्रत्येक लायब्ररीचा पत्ता मोठ्याने सांगायला लावला. तो एकेक सांगत गेला आणि त्यात माझाही पत्ता आला.

“सर, ही इथे कशी?”

साहेबांनी वाकून पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “अरेच्चा! ही अजून आहे होय? मीच ठेवली होती... असं कर, नाव बदलून बाजूला...”

“नाही सर. काढतेय मी.”

मला उचलून कचरापेटीत टाकलं, सर्व्हर चालू झाला, आणि धाकटी पहिल्यांदाच त्या दारात गेली. लगेच रिपोर्ट घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आकडे वाचले, मान हलवली आणि त्या धावतच ऑपरेशनच्या खोलीकडे गेल्या. सूनबाई टेबलावर डोकं ठेवून रडली. साहेबांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

ऑपरेशन सुरळीत झालं. आज सासूबाईंचा वॉर्डातून फोन आला. आवाजात पहिली धार नव्हती.

“काय गं, माझा रिपोर्ट कोणी अडवला होता?”

“एक जुनी लायब्ररी होती, आई. तिने मुद्दाम नाही अडवला. वर्षानुवर्षं मुकाट काम करत होती बिचारी. आता थांबा, असं तिला कोणी सांगितलंच नाही.”

मग सासूबाई म्हणाल्या, “मग तिच्यावर चिडू नकोस हो. आणि तू जेवलीस का?”

फोन ठेवून सूनबाई कचरापेटी रिकामी करायला बसली आहे. करू दे. माझी तक्रार नाही. धाकटी चांगलं काम करतेय, तिचं कौतुक करा, अधूनमधून विचारपूस करा. आणि एक दिवस लॅबची बोली पुन्हा बदलेल, तेव्हा तिला दारात उभी ठेवून विसरू नका. तिच्याजवळ जा आणि सांगा, “बाई, खूप केलंस, आता थांब.”